मर्म आणि वर्म

चार माणसें बसलेलीं असतात. गप्पा रंगलेल्या असतात. कोणी तरी सहज एक वाक्य बोलून जातो. त्या वाक्यांत शिवी नसते, आवाज चढलेला नसतो, आणि ऐकणाऱ्यांपैकीं दोघांना त्यांत कांहीं विशेष असल्याचें जाणवतही नाहीं. परंतु एकाचा चेहरा मात्र उतरतो. हातांतला पेला तसाच राहतो, आणि थोड्या वेळानें तो गृहस्थ कांहीं तरी निमित्त काढून उठून जातो. तो गेल्यावर एखादा जाणता माणूस हळूच म्हणतो, “वर्मीं लागलें.” या दोन शब्दांत मराठी भाषेनें मानवी अनुभवाचा केवढा तरी सांठा करून ठेवला आहे. माणूस सर्वांगाला लागण्याजोगा नसतो. पण प्रत्येकाच्या ठिकाणीं एक तरी जागा अशी असते, कीं तेथें नुसतें बोट ठेवलें तरी तो कळवळतो. त्या जागेचें नांव वर्म.

इंग्रजींत या भावाच्या जवळ जाणारा ‘व्हल्नरेबल’ हा शब्द आहे. लॅटिनमध्यें ‘व्हल्नस’ म्हणजे जखम. तेव्हां ज्याला जखम होऊं शकते तो व्हल्नरेबल. सतराव्या शतकाच्या आरंभीं हा शब्द इंग्रजींत रुळूं लागला; शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकांत तो आढळतो. त्याच काळांत ‘जखम करूं शकणारा’ अशा अगदीं उलट अर्थानेंही तो क्वचित् वापरला गेला. पण हा दुसरा अर्थ लौकरच मागें पडला. या शब्दाला मराठी प्रतिशब्द देण्याची वेळ आली म्हणजे ‘असुरक्षित’, ‘दुर्बळ’ किंवा ‘हळवा’ यांपैकीं एखादा पुढें केला जातो. परंतु असुरक्षित म्हटलें म्हणजे बाहेरचा धोका सांगितला जातो, दुर्बळ म्हटलें म्हणजे बळाचा अभाव सांगितला जातो, आणि हळवा म्हटलें म्हणजे मनाचा स्वभाव. तिघांपैकीं एकही शब्द हें सांगत नाहीं, कीं बळकट, धीट आणि सर्व बाजूंनीं सावध असलेल्या माणसाच्या ठिकाणींही घाव बसण्याजोगी एक जागा असते. वर्म हा शब्द नेमकें तेंच सांगतो. दुर्बळाचें वर्म शोधावें लागत नाहीं. तें शोधावें लागतें बलाढ्याचें.

असा हा अर्थानें भरलेला शब्द. पण संस्कृत जाणणाऱ्याला तो एका मोठ्या कोड्यांत टाकतो. संस्कृतांत ‘वर्मन्’ या शब्दाचा अर्थ घाव बसण्याची जागा असा मुळींच नाहीं. तेथें वर्म म्हणजे चिलखत, अंगाला झांकणारें कवच. ‘वृ’ म्हणजे झांकणें, या धातूपासून तो झाला आहे. राजेलोकांनीं हा शब्द मोठ्या अभिमानानें आपल्या नांवांत घातला. कांचीचे पल्लव राजे महेंद्रवर्मन् आणि नरसिंहवर्मन्, कंबोज देशांत बाराव्या शतकांत अंकोर वाट हें प्रचंड मंदिर उभारणारा दुसरा सूर्यवर्मन्, आणि अगदीं अलीकडचे चित्रकार राजा रविवर्मा, हीं सर्व नांवें या चिलखताचींच आहेत. मराठी कानानें त्यांचा अर्थ लावूं गेल्यास सूर्यवर्मा म्हणजे सूर्याचें दुखरें स्थान असा चमत्कारिक अर्थ निघेल! संस्कृतांत जें अंग राखतें, तेंच मराठींत अंगाची उघडी जागा झालें. झांकणाचें नांव भोकाला पडावें, असा हा प्रकार आहे. तो कसा घडला?

याचा उलगडा ‘मर्म’ या शब्दाकडे पाहिलें म्हणजे होऊं लागतो. संस्कृतांत इजा होण्याच्या जागेचें खरें नांव मर्म. ‘मृ’ म्हणजे मरणें या धातूशीं जुने टीकाकार त्याचें नातें जोडतात. जेथें घाव बसला असतां प्राण जातो तें मर्म. मौज अशी, कीं मर्म आणि वर्म हे दोन शब्द भारतीय वाङ्मयाच्या अगदीं आरंभींच एकमेकांशेजारीं येऊन उभे राहिले आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलाचें शेवटचें, म्हणजे पंचाहत्तरावें सूक्त हें युद्धसूक्त आहे. त्यांत चिलखत, धनुष्य, दोरी, भाता, रथ, घोडे यांची एकेक करून स्तुति आहे. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांत, युद्धाला निघालेल्या राजाला पुरोहितानें सज्ज करतांना या सूक्तांतील मंत्र म्हणावेत असें सांगितलें आहे. या सूक्ताच्या अखेरीस, अठराव्या मंत्रांत, तुझीं मर्में मी वर्मानें झांकतों, अशा आशयाचें वचन योद्ध्याला उद्देशून आलें आहे. घाव बसण्याची जागा आणि ती झांकणारें कवच, दोन्ही एकाच चरणांत! त्याच्या पुढच्या, म्हणजे शेवटच्या मंत्रांत आणखी एक मार्मिक जाणीव आहे. मारूं पाहणारा आपला असो कीं परका असो, त्याच्यापासून रक्षण व्हावें अशी प्रार्थना करून ऋषि मंत्रालाच आपलें आंतलें कवच म्हणतो. घाव आपल्या माणसाकडूनही येतो आणि तो लोखंडानें अडत नाहीं, हें त्या काळींही ठाऊक होतें.

आतां मर्माचें वर्म कसें झालें तें पाहूं गेल्यास दोन वाटा दिसतात. पहिली वाट उच्चाराची. एकाच शब्दांत दोन मकार जवळजवळ आले, म्हणजे जीभ त्यांतला पहिला बदलून घेते. प्राकृत वैयाकरणांनीं याची नोंद केली आहे: ‘मन्मथ’ या शब्दाचें प्राकृतांत ‘वम्मह’ होतें, आणि त्यासाठीं वररुचि आणि हेमचंद्र या दोघांनींही स्वतंत्र सूत्र दिलें आहे. पाली भाषेंत ‘मीमांसा’ या शब्दाचें ‘वीमंसा’ झालें. तोच न्याय लावला म्हणजे मर्माचें वर्म होणें अगदीं स्वाभाविक ठरतें.

तथापि येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. लोकांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या झिजत आलेल्या शब्दांत ‘र्म’ हें जोडाक्षर टिकत नाहीं. कर्माचें ‘कम्म’ होऊन काम झालें, घर्माचा ‘घम्म’ होऊन घाम झाला, चर्माचें ‘चम्म’ होऊन चाम झालें. मर्मही याच वाटेनें आलें असतें तर त्याचें ‘माम’ झालें असतें. पण तसा शब्द मराठींत नाहीं. वर्मांतला रेफ शाबूत आहे. यावरून असें दिसतें, कीं हा शब्द शेतांतून आणि बाजारांतून झिजत आलेला नाहीं. तो पुराण सांगणाऱ्यांच्या, वैद्यांच्या आणि कीर्तनकारांच्या तोंडून लोकांच्या कानीं पडला, आणि लोकांनीं तो आपल्या जिभेला सोयीचा करून घेतला.

दुसरी वाट अर्थाच्या घोटाळ्याची. मर्माचें वर्म होतांच तें रूप संस्कृतांतल्या चिलखताच्या नांवाशीं तंतोतंत जुळलें. अपरिचित रूप असतें तर पंडितांनीं त्याला अशुद्ध म्हणून झिडकारलें असतें. पण वर्म हा तर पोथींत लिहिलेला, शिष्टांचा शब्द! चिलखत या वस्तूला मराठींत दुसरें नांव असल्यामुळें वर्म हें नांव मोकळेंच होतें. तेव्हां उच्चारानें वाट काढली आणि पोथीनें ती पक्की केली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. रूप चिलखताचें आणि अर्थ उघड्या जागेचा, असा हा शब्द अशा रीतीनें तयार झाला.

हें केवळ मराठींतच घडलें असें नाहीं. हिंदी आणि बंगाली यांनीं मर्म हेंच रूप ठेवलें. परंतु दक्षिणेंत तमिळ भाषेनें ‘वर्मम्’ असें रूप घेतलें. कन्याकुमारीच्या बाजूला शरीरांतील अशा जागांवर प्रहार कसा करावा आणि प्रहार झालेल्यास कसें बरें करावें याची जुनी विद्या आहे. तिला ‘वर्मक्कलै’ म्हणजे वर्मकला म्हणतात. त्या परंपरेंत एकशें आठ वर्में मोजतात; पैकीं बारा अति घातक आणि शहाण्णव त्यांहून सौम्य. ही विद्या शिकविणारा गुरु बहुधा वैद्यही असतो. मारण्याची आणि तारण्याची जागा एकच असल्यामुळें एकच माणूस दोन्ही गोष्टी शिकवितो.

वैद्यकाचा उल्लेख आला म्हणजे सुश्रुतापाशीं थांबावेंच लागतें. कारण माणसाच्या घायाळ होण्याचा इतका शांत आणि बारकाईचा हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळेल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सहावा अध्याय मर्मांचा आहे. मानवी देहांत १०७ मर्में आहेत असें तेथें सांगितलें आहे. मांसाचीं ११, शिरांचीं ४१, स्नायूंचीं २७, अस्थींचीं ८ आणि सांध्यांचीं २०. हातापायांत मिळून ४४, धडांत २६ आणि मानेपासून वर ३७. परंतु या मोजणीहून अधिक विचार करण्याजोगी आहे ती परिणामावरून केलेली विभागणी. घाव बसतांच प्राण घेणारीं मर्में १९. कांहीं काळानें प्राण घेणारीं ३३. केवळ वेदना देणारीं ८. आणि सर्वांत मोठा वर्ग ४४ मर्मांचा, जीं माणसाला मारीत नाहींत पण त्याच्या ठिकाणीं कायमचें वैगुण्य ठेवून जातात. म्हणजे देहाच्या नाजूक जागांचा सर्वांत मोठा वर्ग मरणाचा नसून अधूपणाचा आहे. जो घाव खाऊन जगतो त्यालाच तो वागवावा लागतो.

राहिलेलीं तीन मर्में सर्वांत विलक्षण. त्यांना विशल्यघ्न म्हटलें आहे. त्यांपैकीं एक, स्थपनी नांवाचें, दोन भुवयांच्या मध्यें असतें. अशा जागीं बाण रुतला तर तो तेथें आहे तोंवर रोगी जगतो. जखम पिकून तो आपोआप गळून पडला तरीही जगतो. पण कोणी घाईनें उपटून काढला तर रोगी दगावतो. उपकार करण्याच्या बुद्धीनें केलेली घाईच येथें घातक ठरते. ज्यांनीं एखाद्याचें जुनें दुःख बोलकें करण्याच्या हौसेनें त्याला अधिकच जखमी केलें असेल, त्यांना या तीन मर्मांचा अर्थ वैद्यक न शिकतांही कळेल. चरकानें मर्मांत हृदय, बस्ति आणि मस्तक हीं तीन मुख्य मानलीं. सुश्रुत मात्र शस्त्रवैद्य. त्याच्या परंपरेनें मर्मांच्या ज्ञानाला शल्यविद्येचा अर्धा भाग म्हटलें आहे. कोठें कापावें हें अर्धे शास्त्र, आणि कोठें कापूं नये हें उरलेलें अर्धे.

हें ज्ञान शत्रूच्या हातीं गेलें म्हणजे काय होतें, याच्या कथा सर्व देशांत आहेत. ग्रीकांच्या अकिलीस या वीराची टांच ही त्याची एकच उघडी जागा, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु होमरच्या इलियडमध्यें ती नाहीं. तेथें अकिलीसच्या हाताला भाल्याची ओझरती जखम होऊन रक्तही येतें. आईनें त्याला स्टिक्स नदींत बुडविल्याची हकीकत पहिल्या शतकांतील स्टेशिअस या रोमन कवीच्या काव्यांत आहे. तेराव्या शतकाच्या आरंभींचें जर्मन महाकाव्य निबेलुंगेनलीड याहूनही हृदयद्रावक आहे. नागाच्या रक्तांत न्हाऊन सीगफ्रीडचें अंग शिंगासारखें कठीण होतें. पण लिंडन वृक्षाचें एक पान पाठीवर पडल्यामुळें खांद्यांमधली तेवढी जागा मऊ राहते. युद्धांत त्या जागेचें रक्षण व्हावें म्हणून त्याची पत्नी क्रीमहिल्डच त्याच्या वस्त्रावर तेथें खुणेचा क्रूस शिवते आणि हागेन या सरदाराला विश्वासानें तें सांगते. हागेन त्याच खुणेवर भाला मारतो. ज्या टाक्यांनीं तिनें कवच घालूं पाहिलें, त्याच टाक्यांनीं तिनें नेमकी जागा दाखविली. मराठी भाषेनें वर्म या एका शब्दांत कवच आणि मर्म यांची जी गांठ मारली, तीच येथें कथेंत मारलेली दिसते.

महाभारतानें या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली आहे. कर्णाला जन्मतःच कवच होतें; ब्राह्मणाच्या वेषांत आलेल्या इंद्रानें मागतांच त्यानें तें अंगापासून कापून दिलें. आपण काय देत आहों हें त्याला पक्कें ठाऊक होतें. आणि भीष्म? युद्ध चालूं असतांना पांडव आणि श्रीकृष्ण त्याच्याकडे येतात आणि तुम्हांला जिंकावें कसें असें त्यालाच विचारतात. भीष्म सांगतो, कीं शिखंडी समोर आला तर मी शस्त्र चालविणार नाहीं. आपलें वर्म त्यानें आपल्याच तोंडानें प्रतिपक्षाच्या हातीं दिलें. ज्याला वर्म आहे तो दुबळा, असें मानणाऱ्यानें या दोघांचा विचार करावा. कर्णाचें वर्म त्याच्या दातृत्वांत होतें आणि भीष्माचें त्याच्या व्रतांत; म्हणजे जेथें त्यांचें मोठेपण होतें, तेथेंच घाव बसण्याची जागा होती.

राजनीतींत मात्र एवढी उदारता परवडत नाहीं. तेथें मर्माचें दुसरें नांव ‘छिद्र’. आपलें छिद्र शत्रूला कळूं देऊं नये, शत्रूचें मात्र आपण जाणावें, आणि कांसव जसें आपले अवयव आंत ओढून घेतें तसें राजानें आपलें दुबळेपण झांकावें, हा उपदेश कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे आणि मनुस्मृतींतही आहे. महाराष्ट्राच्या इतिहासांत या उपदेशाचा खरा अर्थ दगडांत कोरलेला दिसतो. पुरंदर हा बळकट किल्ला; पण त्याच डोंगरावर, भैरवखिंडीच्या पलीकडे, वज्रगड आहे. १६६५ सालीं मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनीं वेढा घातला तेव्हां वज्रगड ही पुरंदराची किल्ली आहे हें जयसिंगानें ओळखलें. एप्रिलच्या मध्यास वज्रगड पडला आणि तेथून पुरंदराच्या माचीवर मारा सुरू झाला. मुरारबाजी देशपांडे लढतां लढतां पडला. जून महिन्यांत तह होऊन शिवाजीमहाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. पुढें १८१८ सालच्या मार्चांत इंग्रजांनींही आधीं वज्रगडच घेतला, आणि पुरंदराला शरण यावें लागलें. दीडशें वर्षांनीं शत्रु बदलला, तोफा बदलल्या. वर्म तेंच राहिलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्याजवळ त्याच्यावर मारा करतां येईल असा दुसरा डोंगर असूं देऊं नये, आणि किल्ल्याला एकच दरवाजा ठेवणें हा मोठा दोष समजावा, असें जें बजावलें आहे, तें कांहीं पोथींतलें पांडित्य नव्हे. त्यामागें अशा अनुभवांचें शिक्षण आहे.

भाषेनें मर्म आणि वर्म हे दोन्ही शब्द राखले, पण त्यांचीं कामें वांटून दिलीं. मर्म हा शब्द ज्ञानाच्या प्रांतांत गेला. काव्याचें मर्म, शास्त्राचें मर्म. तें जाणणारा मर्मज्ञ. नेमकें बोलणारा मार्मिक. एका संस्कृत सुभाषितांत मधाचा मार्मिक म्हणून भुंग्याचा उल्लेख आहे. तो फुलाच्या गाभ्यापर्यंत जातो, पण फूल मोडीत नाहीं. वर्म हा शब्द बहुतेक भांडणाच्या आणि दुखावण्याच्या प्रांतांत राहिला: वर्मावर बोट ठेवणें, वर्मीं घाव घालणें, वर्म काढणें. तरीही संतांच्या वाणींत तो पुन्हा वर येतो. तेथें भक्तीचें वर्म म्हणजे भक्तीचें गुपित, आंत शिरण्याची नेमकी जागा. घाव आंत शिरतो ती जागा आणि प्रेम आंत शिरतें ती जागा, या दोहोंना एकच नांव देण्यांत संतांनीं कांहीं चूक केली असें म्हणतां येणार नाहीं.

घरांतलीं भांडणें परक्यांच्या भांडणांपेक्षां अधिक झोंबतात, याचें कारणही येथेंच आहे. परका माणूस अंदाजानें वार करतो आणि त्याचे बहुतेक वार चिलखतावर वायां जातात. बापाला मुलाचें, बहिणीला भावाचें, पत्नीला पतीचें वर्म नेमकें ठाऊक असतें. कारण कधीं तरी विश्वासानें तें दाखविलेलें असतें. दाखविणाऱ्यानें दाखवितांना एकच मानलेलें असतें, कीं पाहणारा ही जागा झांकील.

ऋग्वेदांतल्या त्या पुरोहिताला समोरच्या योद्ध्याचें प्रत्येक मर्म ठाऊक होतें. चिलखत बांधायचें तर तें ठाऊक असावेंच लागतें. हागेनलाही सीगफ्रीडची ती एक जागा ठाऊक होती. दोघांच्या ज्ञानांत फरक नव्हता. मराठी माणूस वर्म हा शब्द उच्चारतो तेव्हां त्याच्या नकळत हे दोघेही त्या शब्दांत उभे असतात. दुसऱ्याचें वर्म ज्याला कळलें, त्यानें त्या दोघांपैकीं कोणाच्या बाजूला उभें राहावयाचें, एवढेंच ठरवायचें उरतें.